आख्यानांची परवानगी

या, असे जवळ सरकून बसा. पेटीचा सूर लागेतो एवढी एक गोष्ट ऐका; वांगणीची आहे, फार लांबची नाही.

कात्रपच्या वाचनालयातल्या वृंदाताई दिनानाथांच्या दारात उभ्या होत्या. मोबाइलमध्ये शिवरामबुवांची आख्यानं, सात तासांची, ताईंनी स्वतः वाचून भरलेली. दिनानाथ जन्मांध, बुवांचे शिष्य. बुवा गेले. त्यांच्या आख्यानांचं पुस्तक बाजारातून संपलं. एक प्रत उरली ती ताईंच्या कपाटात.

दोन वर्षांपूर्वी दिनानाथ म्हणाले होते, "मोबाइलात वाचून द्या, ताई. ऐकून ऐकून पाठ करीन. बुवांचं कीर्तन माझ्यापाशी थांबायला नको."

"कॉपीराइट असतो हो त्याला. प्रकाशकाची परवानगी येऊ द्या."

ताईंनी चार पत्रं धाडली. चारही परत आली. प्रकाशकाचं दुकानच उठलेलं. परवा एक वकील सभासद पुस्तक बदलताना सहज बोलून गेले, "अंधांसाठी परवानगी लागतच नाही, ताई. कायद्यात सूट आहे. दहा वर्षं तरी होऊन गेली." ताईंनी रजा टाकली आणि वाचायला बसल्या.

दार दिनानाथांच्या पत्नीने, सुषमावहिनींनी उघडलं.

"वहिनी, आणलं बघा एकदाचं! कुठायत दिनानाथ?"

वहिनी मोबाइलकडे बघत राहिल्या. "श्रावणात ताप डोक्यात गेला त्यांच्या. कान गेले, ताई. दोन्ही."

आत दिनानाथ खाटेवर बसले होते. वहिनींनी ताईंचा हात त्यांच्या हातात दिला. त्यांनी मनगट चाचपलं आणि हसले.

"वाचनालयवाल्या ताई! घड्याळ अजून सैलच? जिन्यावरून हात धरून न्यायचात तेव्हाही खुळखुळायचं." मग आवाज उतरला. "आली का हो परवानगी?"

ताईंनी त्यांचा तळवा आपल्या डोक्यावर ठेवला आणि मान हलवली. हो.

"बघा, मी म्हणत होतो. लावा, लावा."

ताईंनी मोबाइल लावून त्यांच्या हातात ठेवला. त्याची बारीक थरथर तळव्याला लागली, तसे ते ताठ बसले, मांडी घातली, डोक्यावरची टोपी सारखी केली.

"कुठलं आख्यान चाललंय?" त्यांनी विचारलं. आणि थोड्या वेळाने पुन्हा.

दिनानाथांसाठी तुम्ही हात जोडालच, मायबापहो. जोडाल तेव्हा वृंदाताईंचीही आठवण ठेवा.