नसलेली बॅटरी

‘बॅटरी पाच टक्के. संगणक बंद होत आहे.’

श्रद्धानं ‘रद्द’ दाबेपर्यंत पडदा काळा झाला. टाइप केलेली अर्धी प्रश्नपत्रिका गेली. ती टेबलाखाली वाकली. वायर भिंतीत नीट खोचलेली होती, डोक्यावर पंखाही फिरत होता. आणि मुळात हा टेबलावरचा संगणक, लॅपटॉप नव्हे. त्याला बॅटरी नव्हतीच.

खिडकीजवळच्या खुर्चीत मामंजी हरभऱ्याचे घाटे सोलत बसले होते. दोन वर्षांपूर्वीच्या तापानं तिच्या या सासऱ्यांचे, रेणुकादासांचे, दोन्ही कान गेले होते. त्यांना काही सांगायचं तर वहीत लिहून दाखवावं लागे. जुनं कानाचं यंत्र तिच्या नवऱ्याच्या, मुकुलच्या हातून फुटलं, आणि म्हाताऱ्या माणसाला आता ऐकायचंय काय, असं म्हणून त्यानं नवं घेतलं नाही.

श्रद्धा लातूरच्या एका क्लाससाठी घरी बसून टायपिंग करायची. क्लासचे संगणक बघणारा हरिओम नांदेडला असायचा. तिनं त्याला फोन लावला, त्यानं तिकडूनच तिचा पडदा उघडला. आधी त्याला हसू आलं. मग तो एकेक नोंद तपासू लागला.

“ताई, ही बॅटरी तुमच्या कॉम्प्युटरची न्हाई,” तो म्हणाला. “दुसऱ्याच कशाची तरी हाय.”

त्यानं समजावून सांगितलं. बिनवायरची एखादी वस्तू संगणकाला जोडली, की हे वीज सांभाळणारं सॉफ्टवेअर कधी कधी चुकतं. त्या वस्तूची बॅटरी त्याला लॅपटॉपची वाटते, आणि ती संपत आली की ते अख्खा संगणक बंद करतं. माउस बिनवायरचा आहे का, असं त्यानं विचारलं. नव्हता. कीबोर्डही नव्हता.

“मग आवाजाचं काहीतरी हाय बघा. नाव न्हाई, नुसता नंबर दाखवून राहिलंय. दिवाळीत जोडलंय कुणीतरी. आता तुमच्यापासून दहा पावलांच्या आत असंल. काढून टाकू का?”

श्रद्धा नको म्हणाली. काढलं, तर चोरून ऐकायला ज्यानं ते ठेवलं त्याला कळलं असतं.

दिवाळीत या संगणकासमोर सगळेच बसले होते. नणंद ऋतुजा चार दिवस आली होती, तिनं वडलांना शेजारी बसवून फोटो, व्हिडिओ दाखवले होते. पण मुकुल रोजच बसायचा. संध्याकाळी घरात पाऊल टाकलं, की तो आधी श्रद्धाचा फोन मागून घ्यायचा आणि कुणाकुणाशी बोललीस ते बघायचा. न सांगता केलेल्या एका फोनपायी महिन्यापूर्वी त्यानं पिरगाळलेलं मनगट अजून पोळपाटावर दुखायचं.

आणि आज सकाळीच, याच खोलीत, ती बहिणीशी बोलली होती. शिवांगी हिमायतनगरला असते. उद्या मी दहाच्या नांदेड गाडीनं निघते, तिथं घ्यायला ये, बॅग गव्हाच्या कोठीमागं ठेवलीय, असं सगळं तिनं मोठ्यानं सांगितलं होतं. फोनमधली नोंद तेवढी पुसली होती. घरात ऐकणारं कुणी नव्हतं.

तिनं खोली धुंडाळली. घड्याळामागं, उशांच्या अभ्र्यांत, सासूबाईंच्या फोटोच्या चौकटीमागं. खुर्चीखाली हात घालताना मामंजींनी पाय वर घेतले आणि ती काय शोधतेय ते मुकाट्यानं बघत राहिले. काहीच सापडलं नाही.

संध्याकाळी मुकुल आला. त्यानं फोन मागितलाच नाही. येताना तिच्यासाठी रेवड्या आणल्या होत्या. सहा वर्षांत त्यानं असं कधी केलं नव्हतं. श्रद्धानं त्या न खाता डब्यात ओतल्या.

सकाळी तिनं संगणक लावला. बॅटरी अठ्ठ्याण्णव टक्के. म्हणजे रात्रीतून कुणीतरी ती वस्तू चार्ज केली होती. याच घरात, भिंतीपलीकडे.

“टाकीचं काम करायला माणूस येणार आहे दहाला,” चहा पिताना मुकुल म्हणाला. “मीही येतो तेव्हा. तू कुठं जाऊ नको.”

“कुठं जाणार मी?”

तो तिच्याकडे बघून हसला आणि बाहेर पडला.

नऊ वाजून गेले. श्रद्धा स्वयंपाकघरात कोठीजवळ उभी राहिली. गेलं तर तो स्टँडवरच उभा असेल. राहिलं तर दहा वाजता दार लागेल, आणि मग पुन्हा कधीच उघडणार नाही. तिनं भिंतीला कपाळ टेकलं.

“त्याला सगळं कळलंय,” ती स्वतःशीच पुटपुटली. “आता कशी जाऊ मी?”

“त्याला काही कळलं न्हाई.”

ती गर्रकन वळली. मामंजी दारात उभे होते. त्यांनी कानटोपी वर सरकवली. कानामागं शेंगदाण्याएवढं नवंकोरं यंत्र होतं.

“ऋतुजानं आणलंय दिवाळीत, कॉम्प्युटरला बी तिनंच जोडलं. मीच म्हणालो, कुणाला सांगू नको.” त्यांनी टोपी परत खाली ओढली. “दीड महिना झाला, या घरातलं सगळं ऐकून राहिलोय मी. टाकीच्या कामाला तुझे टायपिंगचे पैसे पाहिजेत त्याला, म्हून त्या रेवड्या.”

ते पुढं झाले, कोठीमागची बॅग ओढून काढली आणि तिच्या हातात दिली.

“दहाची नको, साडेनवाची गाडी हाय, ती धर. तू गेलीस की मी आतून कडी लावतो. तो येऊन किती का दार बडवंना, मला कुठं ऐकू येतंय.”