कोपऱ्यातली पाटी

बंगळूरला नोकरीसाठी जाताना ओजसने आपला जुना गेम कन्सोल मुलुंडच्या घरी आईबाबांकडे ठेवला. अनंतराव आणि पद्मजाताई रोज संध्याकाळी टीव्हीवर त्यातूनच नाटके पाहत. ओजस तिकडे नव्या कन्सोलवर खेळायला बसला, की इकडे पडद्याच्या कोपऱ्यात पाटी उमटे : 'ओजस ऑनलाइन आहे.' पाटी दिसली, की पद्मजाताई पोळ्या लाटायला उठत.

प्रयोगशाळेत हयात घालवलेल्या अनंतरावांचे डोके मात्र त्या पाटीने फिरे. फोन केला, की चिरंजीवांचे उत्तर ठरलेले : "बाबा, मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो."

"असू दे हो, दमत असेल," पद्मजाताई म्हणत.

"दमलेला माणूस रोज इतका वेळ बंदुका चालवत नाही!"

पद्मजाताईंच्या वाढदिवशीही ओजसचा फोन आला नाही. पाटी तेवढी आली. अनंतरावांनी तिचा फोटो काढून त्याला पाठवला आणि लगेच फोन लावला. "हीच का रे तुझी मीटिंग? आईशी दोन शब्द बोलायला वेळ नाही तुला? खोटारडा! पुरावा पाठवलाय, बघ!"

पुरावा बिनतोड होता.

दुसऱ्या दिवसापासून पाटी उमटेनाशी झाली; ओजसने ती बंद करून टाकली होती. फोन तर नव्हताच.

 

नाटक संपले, तरी पद्मजाताई रिकाम्या कोपऱ्याकडे पाहत बसून होत्या. "अहो, तो सुखरूप घरी पोचला, हे आता मला कसं कळणार?"