साहेबांची खुर्ची

"इन्व्हर्टरची सेफ्टी ट्रिप कोणी बंद केली?" उत्कर्षाचा आवाज हिंजवडीच्या त्या अख्ख्या टेस्ट लॅबमध्ये घुमला.

"मी. काल सकाळी," बापट साहेब म्हणाले. "मशीन सारखं बंद पडत होतं. उद्या जर्मनीचे पाहुणे येतायत, त्यांना काय बंद मशीन दाखवायचं?"

"सर, चार कपॅसिटरवर व्होल्टेज समान विभागलं जात नाहीये. एकावरच जास्त चढतंय. तो फुटू नये म्हणून ट्रिप मशीन बंद करते. बॅलन्सिंगचा प्रोग्राम दुरुस्त करायला मला आठवडा द्या."

"सरासरी बरोबर येतेय ना? मग काही होत नाही. उगाच सगळ्यांना घाबरवू नकोस."

उत्कर्षा तडक त्यांच्या केबिनमध्ये शिरली. पाठीला पांढरा टॉवेल लावलेली त्यांची चाकांची खुर्ची ढकलत बाहेर घेऊन आली. इन्व्हर्टरच्या कॅबिनेटला खेटून एक लोखंडी स्टूल होतं. ते तिने पायानेच बाजूला सारलं आणि तिथे खुर्ची लावली.

"एवढी खात्री आहे ना? बसा सर. मी फुल लोडवर चालू करते."

साहेब खुर्चीकडे बघत राहिले. बसले मात्र नाहीत.

"ट्रिप चालू कर," ते शेवटी पुटपुटले. "पाहुण्यांना मी कळवतो."

ऑपरेटर दशरथने बाजूला पडलेलं स्टूल उचललं. पण ते खाली ठेवेना.

"साहेब," तो म्हणाला, "काल दिवसभर तिथं मी बसलो होतो."