तिसरा ऐकणारा

मे महिन्याच्या सुट्टीत मी शाळेच्या कपाटातलं एक जाड पुस्तक घरी आणतो आणि दुपारी हौदाशेजारी, लिंबाच्या सावलीत, बायकोला वाचून दाखवतो. वनमाला चिंचा फोडत ऐकते. आम्ही मराठवाड्यातल्या धारूरचे, दोघांनीही समुद्र पाहिलेला नाही. म्हणून यंदा समुद्रातल्या एका अजस्र प्राण्याची कादंबरी आणली.

तिसऱ्या दिवसापासून मी वाचायला लागलो की झाकलेल्या हौदात काहीतरी जड, पाण्यात कूस बदलायचं. मी थांबलो की तेही थांबायचं. पण हौदात पाणी नव्हतंच; टँकर आलेला नव्हता. वनमालेनं स्वतः आत उतरून हौद घासून कोरडा केला होता.

"त्याला लई आवडतंय," ती म्हणाली. "जरा मोठ्यानं वाचा."

आज शेवटचं पान आलं. मी ते आधी मनात वाचलं आणि पुस्तक मांडीवर टेकवलं.

"मरतंय का वो ते?" तिनं हळूच विचारलं.

मी होकारार्थी मान हलवली.

"मग त्याला कशाला सांगायचं?"

मी घसा खाकरला आणि मनानंच रचून वाचलं, "मग तो सुखरूप खोल पाण्यात निघून गेला."

वनमाला समाधानानं हसली. मी पुस्तक मिटलं.

तेव्हा झाकणाखालून, माझ्याच आवाजात, त्या पानावरचं खरं शेवटचं वाक्य ऐकू आलं.