विमानाचं वजन

"हा कोन्ता मासा हो गुर्जी? ना खवले, ना गलफडे!"

सखाबाईनं मासळीचा तराजू पदरानं पुसला. सेवकराम गुरुजींनी लाकडी विमानाचे पंख सोडवून, सगळं सुतळीनं बांधून पारड्यात ठेवलं. रेडिओच्या इशाऱ्यावर उडायचं होतं ते. इंजिन तेवढं मागवायचं राहिलं होतं. खिशातलं पोस्टकार्ड लिहून तयार. आकड्याची जागा कोरी.

"हसून नको राहू, नीट तोल. साडेसहा सीसीचं पुरते का दहाचं लागते, ते वजनावर आहे. इंजिन कमी पडलं तर हे जमीन सोडणार नाही. जास्त झालं तर पंख मोडतील."

"डोळ्याले तं हलकंच दिसते," ओट्यावरून धुरपताबाई मुलाला म्हणाल्या.

"डोळ्यावर जाता येत नाही, आई. तोलावंच लागतं."

दारात उभ्या शकुंतलेनं, गुरुजींच्या बायकोनं, हे ऐकलं. खांद्यावरच्या तीन महिन्यांच्या लेकीचा हात तिनं जरासा वर केला. बारशाला मनगटाशी बसलेलं चांदीचं कडं घरंगळत कोपरापर्यंत गेलं.

"साडेतीन किलो," सखाबाई म्हणाली.

"बापरे! म्हणजे दहाचंच." गुरुजींनी विमान उचलून बाजूला ठेवलं आणि पेन्सिल शोधू लागले.

शकुंतला पायरी उतरली. रिकाम्या पारड्यात तिनं दुपटं पसरलं आणि लेकीला अलगद ठेवलं.

"अवं, काय करून राहिली!" धुरपताबाई ताडकन उठल्या. "लेकराले तोलत नाई, नजर लागते! वाढून राहिली पोरगी, दिसत नाई का तुले?"

"डोळ्यावर जाता येत नाही, आई." शकुंतलेनं दुपट्याची कड पारड्यात आत सारली. "उचला, सखाबाई."

विमानाची वजनं दुसऱ्या पारड्यात तशीच होती. सखाबाईनं दांडी उचलली. वजनं जमिनीवरच राहिली; मुलीचं पारडं सरळ वर गेलं.

दांडी तशीच धरून सखाबाईनं दुसऱ्या हातानं अर्ध्या किलोचं वजन काढून घेतलं. पारडं खाली आलं नाही. गुरुजींची पेन्सिल कार्डावर टेकली होती, ती तशीच राहिली.

सखाबाईचा हात किलोच्या वजनापाशी गेला आणि थांबला. तिनं आधी म्हातारीकडं पाहिलं, मग गुरुजींकडं.

"काढा," शकुंतला म्हणाली.