धोंडूचं कॉफीचं मशीन

हे लिहिणारच नव्हतो. बोटीवर नोकरीला असलेल्या धोंडूने इटलीहून कॉफीचं मशीन आणलं. परवा मीच ते उघडून साफ केलं. आज घाटकोपरला त्याच्या घरी स्टोव्हवर चढवलं, तर नुसतं घुमायला लागलं, कॉफीचा थेंब येईना. त्याची आई कप घेऊन अगदी जवळ उभी.

"मावशी, मागे व्हा, वाफ कोंडलीय, फुटेल!" मी ओरडलो आणि स्टोव्ह बंद केला.

"वाट लावलीस ना मशीनची?" धोंडू भडकला.

गार झाल्यावर उघडलं. वाफेच्या नळीत कुंकू लागलेला तांदळाचा दाणा अडकला होता. काल दसऱ्याला मावशींनी मशीनची पूजा केली होती.

धोंडू हळूच म्हणाला, "आईला कळलं तर जिवाला लावून घेईल रे."

"नाही कळणार. साफ करताना माझ्याकडूनच नळीत कचरा राहिला, असं सांगतो."