साडेचारशे अश्वशक्ती

"कुणाला विचारून हात लावलास तू बाबांच्या गाडीला?"

ताईचा आवाज गॅरेजच्या पत्र्यावर आदळून परत आला. धाकटा भाऊ बॉनेटखाली वाकला होता. तो सावकाश सरळ झाला आणि हात पुसायला फडकं शोधू लागला. त्याचा तो थंडपणा बघून तिचं डोकं आणखीच फिरलं. औषधाच्या दुकानाचं शटर भरदुपारी ओढून ती तरातरा चालत आली होती. एका गिऱ्हाइकानं गोळ्या घेता घेता सहज म्हटलं होतं, "तुमच्या वडिलांच्या गाडीचं इंजिन बाहेर काढलंय की!"

खरंच काढलं होतं. साखळीला टांगलेलं, उघडंवाघडं. गाडीच्या पुढच्या भागात नुसतं भगदाड.

बाबांना जाऊन अजून वर्ष झालं नव्हतं. ही गाडी म्हणजे त्यांचा जीव. काचेवर कुणाचं बोट उमटलं तरी घर डोक्यावर घ्यायचे. याच गाडीतून ते रोज सकाळी आईला कारखान्यात सोडायचे आणि संध्याकाळी आणायचे. सव्वीस वर्षं, एक दिवस चुकला नाही. गल्लीतल्या बायका आईचा हेवा करायच्या. आणि आता या दिवट्यानं त्या गाडीची ही दशा केली होती.

भिंतीवरच्या फळ्यावर खडूनं लांबलचक यादी लिहिली होती. पिस्टन, कनेक्टिंग रॉड, इंजेक्टर, क्लच. जवळजवळ प्रत्येक नावापुढे 'जुना बघणे'. सगळ्यात वर 'तीनशे' खोडून 'साडेचारशे' लिहिलं होतं.

"हे साडेचारशे काय?"

"अश्वशक्ती," भाऊ म्हणाला.

"आणि आधी किती होती?"

"एकशे तीस."

"शाब्बास! शर्यती लावणार बापाच्या गाडीवर! आणि याला पैसे कुणाचे?"

भाऊ खाली बघत म्हणाला, "आईचे."

ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. "तिच्या फंडातले? लाज नाही वाटत? जन्मभर राबून चार पैसे मिळाले तिला. ते तू तुझ्या हौसेपायी जाळतोयस? तिला कळतं तरी का, तू काय मांडून बसलायस ते?" बोलता बोलता तिनं फळ्यावरून तळहात फिरवला. अर्धी यादी पुसली गेली.

"ताई, पुसू नकोस!" भाऊ पहिल्यांदाच कळवळला. "आता मला बोलणी बसणार."

"तुला? कुणाची?"

तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. आई उतरली. तिनं जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी जड पोटाशी धरलं होतं. ताईकडे न बघताच ती आत आली, चादर टेबलावर सोडली. आतून लोखंडी शंखासारखा एक टर्बो निघाला, इंजिनाची ताकद वाढवणारा.

"ट्रकचा आहे. भंगारात पडला होता," ती भावाला म्हणाली. तिनं आतलं चाक बोटानं फिरवलं, कान लावला. कारखान्यात तिनं सव्वीस वर्षं हेच केलं होतं, अशी चाकं तोलायचं काम. "अजून तोलात आहे. नव्याच्या पाव किमतीत मिळाला. आता साडेचारशेच्या खाली यायचं नाही."

"आई, तीनशेवर थांबूया ना. ब्रेकला पैसे उरत नाहीत आपल्याकडे."

"ब्रेकचं मी बघते."

ताईला काही सुधरेना. ती एकदा आईकडे बघे, एकदा भावाकडे. "म्हणजे... हे तुझं आहे? चालवणार कोण?"

"मी. सहा महिने याच्या टेम्पोवर हात बसवतेय."

"वेड लागलंय का आई तुला? त्रेसष्ट वर्षांची तू! बाबांना काय वाटलं असतं?"

आईचा हात चाकावर थांबला.

"त्यांना काय वाटेल, हेच बघत एकेचाळीस वर्षं काढली," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "लायसन्स होतं माझ्याकडे. लग्नाआधी काढलेलं. नोकरी लागली तेव्हा मी किल्ली मागितली, तर माझ्यादेखत फाडलं त्यांनी ते. म्हणे, मी आहे ना सोडायला. कारखान्यातून बाहेर पडायला पाच मिनिटं उशीर झाला, मी कुणाशी हसून बोलले, की ते गाडीत अवाक्षर काढायचे नाहीत. जे काय करायचं ते घरी आल्यावर. दार लावून."

ते बंद दार ताईला आठवलं. दारामागचे आवाजही आठवले. तेव्हा ती दहा वर्षांची होती. धाकट्याला मांडीवर घेऊन ती रेडिओ मोठा करायची. आणि सकाळी आई पुन्हा गाडीत पुढच्या सीटवर, हात मांडीवर ठेवून, समोर बघत बसलेली असायची.

ताईनं खडूनं माखलेला हात पदराला पुसला. पर्स उघडली, आणि भावावर पहिल्याइतक्याच रागानं ओरडली, "उभा काय राहिलास? ब्रेकला किती कमी पडतायत ते सांग!"